पॉवर किती आहे?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात विचारा, नवी पेठेत चष्मेवाल्याला विचारा, औषधाच्या दुकानात विचारा, नाहीतर मोहोळच्या एखाद्या शेतकऱ्याला विहिरीवर गाठून विचारा. ‘पॉवर किती आहे?’ या प्रश्नाला चौघंही चटकन उत्तर देतील. एक, अडीच, पाचशे, पाच. चारही उत्तरं बरोबर असतात, पण प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजत असतो.

हा इंग्रजी शब्द मुळात लॅटिनमधल्या ‘करू शकणे’ या अर्थाच्या क्रियापदापर्यंत जातो. त्यामुळे जे जे काही करू शकतं त्याला तो चिकटला: राजाच्या सत्तेला, औषधाच्या गुणाला, भिंगाला, इंजिनाला. गणितातल्या घातालासुद्धा. भौतिकशास्त्राने मात्र त्याचा एक पक्का अर्थ ठरवला. काम किती झालं हे पॉवर सांगत नाही, ते किती झपाट्याने होतंय हे सांगते. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला ‘शक्ती’ म्हणतात. बोलताना आपण शक्ती, ऊर्जा, बळ, ताकद हे सगळं एकाच अर्थाने वापरतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सुरुवात लूमपासून करू, कारण या शहरात पॉवर हा शब्द आधी पोटापाण्याशी जोडलेला आहे. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पहिलं पेटंट घेतलं ते 1785 साली. त्याआधी माग चालायचा तो विणकराच्या हातापायांवर. दिवसभर टिकेल अशा बेताने काम करणाऱ्या माणसाच्या स्नायूंमधून साधारण 75 वॅट मिळतात. आता कारखान्यात मागाच्या मोटरीवर ठोकलेली पत्र्याची पट्टी वाचा. तेल आणि कापसाचा भुगा पुसला की त्यावर 1 एचपी, 0.75 किलोवॅट असं काहीतरी दिसतं. म्हणजे एक मोटर जवळजवळ दहा माणसांच्या स्नायूंएवढं काम सतत देऊ शकते. धोटा इकडून तिकडे फेकण्याचं काम तेच राहिलं, फक्त त्याची गती बदलली. विणकराकडे उरलं ते तुटलेला धागा सांधणं, कांडी बदलणं आणि नजर ठेवणं.

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती. जेम्स वॉटला आपलं वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकं घोडे जुंपून यंत्रं चालवणारी होती. इंजिन किती घोड्यांचं काम करेल हे सांगितल्याशिवाय त्यांना पटणार कसं? म्हणून त्याने घोड्याचं काम मोजून एक आकडा ठरवला: मिनिटाला 33,000 फूट-पौंड. आजच्या मापात सांगायचं तर 76 किलोचं ओझं दर सेकंदाला एक मीटर या वेगाने उचलत राहणं. यातला महत्त्वाचा शब्द ‘दर सेकंदाला’. तेच ओझं कुणी पाच मिनिटं लावून वर नेलं तरी ऊर्जा तेवढीच लागते, पॉवर मात्र फारच कमी लागते. पुढे विज्ञानाने पॉवरच्या एककाला वॉटचंच नाव दिलं. एक एचपी म्हणजे 746 वॅट.

पॉवर आणि ऊर्जा यांतला फरक तुळजापूरच्या रस्त्यासारखा आहे: गाडीच्या काट्यावर दिसतो तो वेग, आणि गाठायचे असतात ते 45 किलोमीटर अंतर. वीजबिलावर या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. ‘मंजूर भार’ ही पॉवर, किलोवॅटमध्ये किंवा एचपीत. ‘युनिट’ ही ऊर्जा. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. एक एचपीचा माग दहा तास पूर्ण भाराने चालला तर, मोटरीतली गळती सोडून, साडेसात युनिटं होतात. ‘पॉवर जास्त खाल्ली’ असं आपण म्हणतो तेव्हा खाल्लेली असते ऊर्जा.

यंत्रमागधारकांच्या बोलण्यात 27 एचपी हा आकडा वारंवार येतो, कारण वीजसवलतीचे नियम 27 एचपीच्या आतल्यांना वेगळे आणि वरच्यांना वेगळे असतात. 25 नाही, 30 नाही, 27च का? लघुदाबाच्या वीजदरात 20 किलोवॅट ही एक सीमा आहे. 20 किलोवॅटला 0.746 ने भागा, 26.8 येतात. जवळचा पूर्ण आकडा 27. घोड्यांच्या भाषेत विचित्र वाटणारी ही सीमा वॅटच्या भाषेत सरळ आहे. फताटेवाडीजवळच्या एनटीपीसीच्या वीजप्रकल्पाचे 660 मेगावॅटचे दोन संच पूर्ण क्षमतेने चालले तर तासाभरात 13 लाख 20 हजार युनिटं तयार होतात, हा हिशोबही याच रीतीचा.

विहिरीवर यायचं तर शेतकऱ्याची तक्रार खरी असते: ‘पाचचाच पंप आहे, पण शेजाऱ्याएवढं पाणी देत नाही.’ पंपाची पॉवर तेवढीच असली तरी पाणी तेवढंच येईल असं नाही. पाच एचपी म्हणजे 3,730 वॅट. त्यातले निम्मे प्रत्यक्ष पाणी उचलण्यात गेले असं धरलं, तर 20 मीटर उंचीवर सेकंदाला साडेनऊ लिटर चढतं. तोच पंप 60 मीटर उचलायला लावला तर जेमतेम तीन लिटर. म्हणून पंप निवडताना एचपी विचारून भागत नाही. पाणी किती खोलवरून काढायचं आणि किती लिटर हवं हे आधी सांगावं लागतं. राज्याच्या सौर कृषिपंप योजनेत जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे 3, 5 आणि साडेसात एचपीचे पंप मिळतात. डाळिंबाच्या बागेसाठी तो घेताना बोअरची खोली हा तितकाच मोठा प्रश्न आहे.

मोबाइलच्या पॉवरबँकेच्या तर नावातच घोळ आहे. तिच्यात साठते ती ऊर्जा. वरचे ‘10,000 एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) म्हणजे पॉवरही नाही आणि ऊर्जाही नाही, तो विद्युतभार. आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टने गुणलं की 37 वॅट-तास ही खरी साठवण कळते. फोन किती लवकर चार्ज होईल ते बाजूला लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावर ठरतं.

चष्म्याच्या पॉवरचा वॅटशी काडीचाही संबंध नाही. आपण तिला ‘नंबर’ म्हणतो, एकक डायऑप्टर. भिंग समांतर किरणांना किती लवकर एकत्र आणतं, त्याचं हे माप. भिंगापासून किरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. एकला मीटरमधल्या त्या अंतराने भागायचं, झालं. नाभीय अंतर अर्धा मीटर, तर पॉवर अधिक दोन. घरात कुणाचा वाचायचा चष्मा असेल तर करून बघा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ त्याची काच धरून मागेपुढे करा. एका जागी बाहेरच्या झाडाचं, समोरच्या इमारतीचं उलटं, चिमुकलं चित्र भिंतीवर स्पष्ट उमटतं. काच ते भिंत हे अंतर 50 सेंटिमीटर भरलं तर नंबर दोन, 40 भरलं तर अडीच. उणे नंबरच्या काचेने असं चित्र कधीच पडणार नाही, कारण ती किरण फाकवते. (सूर्याकडे मात्र हा प्रयोग वळवू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात अधिक नंबरचा चष्मा कागदावर विसरणंही धोक्याचं.)

हे उलटं माप कशासाठी? कारण नंबरांची सरळ बेरीज होते. तपासणीच्या चौकटीत दोनची काच घालून वर अर्ध्याची सरकवली की अडीच होतात. नाभीय अंतरं अशी मिळवता येत नाहीत. डोळ्याची स्वतःची एकूण पॉवर सुमारे 60 डायऑप्टर असते आणि तिचा मोठा वाटा समोरच्या पारदर्शक पटलाचा असतो. आतलं भिंग फुगून जवळच्या कामासाठी जादा पॉवर देतं. 40 सेंटिमीटरवर बघायला अडीच डायऑप्टर जादा लागतात. वयाबरोबर भिंग ताठर होतं, ही जादा पॉवर आटते आणि चाळिशी लागते. लूमवर काम करणाऱ्याला हे पेपर वाचताना कळायच्या आधी तुटलेल्या धाग्याचं टोक सापडेनासं होतं तेव्हाच कळतं. कमी पडलेले डायऑप्टर चष्म्याने भरून काढणं हा अगदी स्वस्त आणि बिनधोक उपाय आहे. तो टाळत डोळे ताणत बसू नये.

राहिली गोळी. ‘जास्त पॉवरची द्या’ हे वाक्य मला सगळ्यात काळजीचं वाटतं. गोळीच्या पट्टीवरचा आकडा औषधाचं वजन सांगतो, जोर नाही. पॅरासिटामॉलची साधी गोळी 500 मिलिग्रॅमची. थायरॉइडची गोळी 50 मायक्रोग्रॅमची, म्हणजे वजनाने दहा हजारपट कमी, तरी शरीराचं सगळं चलनवलन ती सांभाळते. दोन वेगळ्या औषधांचे आकडे शेजारी ठेवून कुठलं ‘पॉवरफुल’ हे ठरवताच येत नाही. एकाच औषधाच्या बाबतीत आकड्याला अर्थ आहे, तोही एकक वाचलं तरच.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात तर हे फार जपावं लागतं. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीवर ‘5 मिलित 120 मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, दुसरीवर ‘5 मिलित 250 मिलिग्रॅम’. रंग आणि वास सारखा असू शकतो, चमचा तोच असतो, आणि डोस मात्र दुपटीहून जास्त होतो. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर एका मिलितच 100 मिलिग्रॅम असतात. डॉक्टरांनी ‘एक चमचा’ सांगितलं असेल तर तो कुठल्या बाटलीतला हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं, आणि दुकानदाराने बदली बाटली दिली तर घरी नेण्याआधी काउंटरवरच दोन्ही आकडे ताडून बघावेत.