संघर्षग्रस्त प्रदेशांतील लसीकरण

युद्ध, यादवी किंवा वर्षानुवर्षे धुमसणारा सशस्त्र उठाव यांनी ग्रासलेल्या प्रदेशांत लस पोहोचवणे आणि ती घेण्यास तेथील लोकांना राजी करणे, अशा दोन्ही प्रयत्नांचा या संज्ञेत समावेश होतो. कागदावर ही दोन कामे वेगळी मांडता येतात. प्रत्यक्षात मात्र ती एकमेकांत गुंतलेली असतात. लस घेऊन येणारा माणूस कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या पहाऱ्यात आला, यावरच घराचा दरवाजा उघडायचा की नाही हे पुष्कळदा ठरते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १ कोटी ४३ लाख बालकांना लसीची एकही मात्रा मिळाली नाही. संघर्षाने किंवा मोठ्या आपत्तीने खिळखिळ्या झालेल्या २६ देशांत जगातील एकूण तान्ह्या मुलांपैकी चतुर्थांश मुले राहतात; लसीपासून पूर्णपणे वंचित राहिलेल्या मुलांपैकी मात्र निम्मी त्या देशांतील आहेत. या देशांपैकी निम्म्या देशांत वंचित बालकांची संख्या २०१९ मधील ३६ लाखांवरून २०२४ मध्ये ५४ लाखांवर गेली.

लसीकरणासाठी लढाई काही काळ थांबवण्याची प्रथा एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशात रुजली. तेथे १९८० पासून सरकार आणि फाराबुंदो मार्ती राष्ट्रीय मुक्ती आघाडी यांच्यात यादवी युद्ध चालू होते. युनिसेफचे तत्कालीन कार्यकारी संचालक जेम्स ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्ष होसे नापोलियॉन दुआर्ते यांच्यापुढे असा मुद्दा मांडला की, गोळ्यांनी मरतात त्याहून अधिक मुले गोवर, धनुर्वात यांसारख्या टाळता येण्याजोग्या रोगांनी मरत आहेत. बंडखोरांपर्यंत हा प्रस्ताव नेण्याचे काम कॅथलिक चर्चने केले. १९८५ च्या फेब्रुवारी, मार्च व एप्रिल या महिन्यांत प्रत्येकी एक दिवस बंदुका शांत राहिल्या आणि सुमारे अडीच लाख मुलांना लसी देण्यात आल्या. १९९२ च्या शांतता करारापर्यंत असे दिवस दरवर्षी पाळले गेले. पुढे ‘शांततेचे दिवस’ हेच नाव इतर देशांतील अशा प्रयत्नांनाही मिळाले. या प्रयोगाचे वर्णन बहुधा मानवतेचा विजय असे केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दोन्ही बाजूंच्या ताब्यातील गावांत मुले होती, दोघांनाही आपण जनतेचे रक्षक आहोत हे दाखवायचे होते आणि तिसऱ्या, दोघांनाही मान्य असलेल्या संस्थेमार्फत बोलणे झाल्यामुळे कोणालाही कमीपणा येत नव्हता. हा हिशेब जेथे जुळला नाही तेथे असे दिवस ठरले तरी टिकले नाहीत. १९९५ मध्ये सुदानमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने नारूच्या निर्मूलनासाठी झालेली शस्त्रसंधी जवळजवळ सहा महिने चालली आणि त्या काळात मुलांना लसीही देता आल्या; पण इतकी दीर्घ उसंत पुढे क्वचितच मिळाली.

याच्या नेमकी उलट बाजू पाकिस्तानात दिसली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने ओसामा बिन लादेनच्या कुटुंबाचा माग काढण्यासाठी अबोटाबाद शहरात कावीळ-ब प्रतिबंधक लसीकरणाची बनावट मोहीम एका स्थानिक डॉक्टरमार्फत चालवली. या लसीच्या तीन मात्रा लागतात. मोहीम खरी वाटावी म्हणून ती आधी शहराच्या गरीब वस्तीत सुरू करण्यात आली, आणि तेथे दुसरी मात्रा न देताच पथक लादेन राहत असलेल्या वस्तीकडे वळले. हेरगिरीइतकीच ही अर्धवट सोडलेली मात्राही लक्षात घेण्यासारखी आहे, कारण लसीकरणाचा सारा व्यवहार ‘पुन्हा येऊ’ या शब्दावर चालतो. जुलै २०११ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरीस्तानातील तालिबानी सरदार हाफिज गुल बहादूर याने ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओ लसीकरणास बंदी जाहीर केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराची, पेशावर आणि परिसरात लसीकरण पथकांवर गोळीबार झाले आणि त्यांत अनेक कार्यकर्त्या ठार झाल्या. लसीकरणाचा वापर हेरगिरीसाठी यापुढे केला जाणार नाही, असे लेखी आश्वासन अमेरिकी प्रशासनाने मे २०१४ मध्ये आपल्या देशातील सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या अधिष्ठात्यांना दिले. ते वझिरीस्तानातील आईबापांच्या कानावर कधी गेले असेल असे वाटत नाही. त्या वर्षी पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण नोंदले गेले. जूनमध्ये लष्करी कारवाईमुळे उत्तर वझिरीस्तानातून लाखो लोक बाहेर पडले, तेव्हा बन्नूकडे येणाऱ्या रस्त्यांवर थांबे उभारून त्यांच्या मुलांना डोस पाजण्यात आले. दोन वर्षे हाती न लागलेली मुले अशी आयतीच वाटेवर भेटली. पुढील वर्षी रुग्णसंख्या ५४ वर आली.

बंडखोर म्हणजे लसविरोधक, असे समीकरण यावरून मांडणे चुकीचे ठरेल. सीमेपलीकडील अफगाणिस्तानात एके काळी लसीकरण पथके तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर याच्या नावाचे पाठिंब्याचे पत्र सोबत बाळगत आणि नाक्यांवर ते दाखवून पुढे जात. मे २०१८ पासून याच तालिबानने आपल्या ताब्यातील भागांत घरोघरी जाऊन डोस देण्यास मनाई केली, ती लसीच्या विरोधात नव्हती. दारोदार फिरणारी माणसे माहिती गोळा करून हवाई हल्ल्यांना वाट दाखवतात, असा त्यांचा संशय होता. पर्याय म्हणून मशिदीपाशी किंवा गावातील ठरलेल्या जागी मुले आणण्याची पद्धत पुढे आली. नुकतेच जन्मलेले मूल, आजारी मूल आणि झोपलेले मूल तेथे सहसा आणले जात नाही, आणि पोलिओच्या दृष्टीने नेमकी हीच मुले महत्त्वाची असतात. दुसरा प्रश्न स्त्रियांचा. ज्या घरात पुरुष कामावर गेलेले आहेत तेथे परक्या पुरुषाला उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून कार्यकर्ती बाई असणे ही सोय नसून अटच असते. आणि ज्या प्रदेशात बाईला एकटीने फिरता येत नाही तेथे ती भावाला किंवा नवऱ्याला सोबत घेऊन फिरते. या बायकांनी मोठी किंमत मोजली आहे. मार्च २०२१ मध्ये जलालाबाद येथे तीन लसीकरण कार्यकर्त्या मारल्या गेल्या. तालिबान सत्तेवर आल्यानंतर, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, तखार व कुंदुझ प्रांतांत एकाच दिवशी आठ कार्यकर्ते ठार झाले.

लोकांच्या नकाराचा सर्वांत बोधक अनुभव काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात आला. उत्तर किवू व इतुरी या प्रांतांत १ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर झालेली इबोलाची साथ २५ जून २०२० पर्यंत चालली. ३,४७० रुग्णांपैकी २,२८७ दगावले. या वेळी परिणामकारक लस हाताशी होती. ती उणे ६० अंश सेल्सिअसखाली साठवावी लागते, तरीही ३ लाखांहून अधिक लोकांना ती देण्यात आली. पद्धत ‘कड्या’ची होती: रुग्णाच्या संपर्कातील माणसे आणि त्या माणसांच्या संपर्कातील माणसे, एवढ्यांनाच लस. शास्त्रीयदृष्ट्या हे योग्यच होते, पण त्यामुळे लस द्यायला आलेली गाडी ज्या दारात थांबेल त्या घरात इबोला आहे, हे गावभर होई; आणि शेजाऱ्याला लस मिळाली पण मला का नाही, या प्रश्नाला गावकऱ्यांच्या दृष्टीने पटेल असे उत्तर नसे.

बेनी शहराच्या आसपास २०१४ पासून कत्तली चालू होत्या आणि त्या थांबवायला कोणी आले नव्हते. इबोला आल्यावर मात्र परदेशी तज्ज्ञ, चारचाकी गाड्यांचे ताफे आणि पैसा आला. आम्ही मारले जात होतो तेव्हा तुम्ही कोठे होता, असे लोक विचारू लागले. त्यात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस साथीचे व असुरक्षिततेचे कारण देऊन बेनी व बुटेम्बो येथील मतदान पुढे ढकलण्यात आले. हा भाग सरकारविरोधी मतांचा होता. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी बेनीतील इबोला केंद्रावर जमाव चालून गेला. त्याआधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, या दोन शहरांतील ९६१ प्रौढांची पाहणी झाली होती. तीत सुमारे चतुर्थांश लोकांनी इबोला असा रोगच नाही असे सांगितले. स्थानिक अधिकाऱ्यांवर विश्वास असल्याचे सांगणारे एकतृतीयांशाहून कमी होते, आणि ज्यांचा विश्वास कमी त्यांची लस घेण्याची तयारीही कमी, असे दिसून आले. एप्रिल २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे साथरोगतज्ज्ञ रिचर्ड मूझोको हे बुटेम्बोच्या रुग्णालयात हल्लेखोरांच्या गोळ्यांना बळी पडले.

यानंतर कामाची रीत बदलली. रुग्णाच्या दारात तंबू न उभारता दूर, आधी वाटाघाटी करून ठरवलेल्या जागी लस देणे, लस देणाऱ्यांत स्थानिक माणसे घेणे, आणि पात्रतेचे कडे थोडे रुंद करणे, असे उपाय झाले. त्याच काळात काँगोत गोवराने ६,००० हून अधिक माणसे, बहुतांशी लहान मुले, मृत्युमुखी पडली, म्हणजे इबोलाच्या अडीच पटींहून जास्त. जगाला भीती इबोलाची होती आणि गावाला गोवराची, हे लक्षात घेतले तर लोकांच्या नाराजीला अज्ञान म्हणणे अवघड जाते.

लष्कराच्या संरक्षणाबाबत अनुभव एकसारखा नाही. बंदुकधारी सोबत असले की पथक एका बाजूचे ठरते, म्हणून मदत संस्था सामान्यतः ते टाळतात. नायजेरियाच्या बोर्नो राज्यात मात्र, दोन वर्षे पोलिओमुक्त मानल्या गेलेल्या त्या देशात ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा रुग्ण सापडल्यावर, बोको हरामच्या टापूतील वस्त्या उपग्रहचित्रांवरून शोधून काढण्यात आल्या आणि जेथे आरोग्य कर्मचारी जाऊच शकत नव्हते तेथे सैनिक व स्थानिक ग्रामरक्षक यांनाच डोस पाजण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. हा उपाय इतरत्र जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. बोर्नोत तो चालला, कारण ग्रामरक्षक त्याच गावांतले होते.

गाझा पट्टीत राजी करण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. युद्धापूर्वी तेथील बाललसीकरणाचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास होते. २०२४ च्या उन्हाळ्यात सांडपाण्यात पोलिओचा दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पक्षाघात झाल्याचे निश्चित झाले. २५ वर्षांतील तो पहिला रुग्ण होता. १ सप्टेंबरपासून विभागवार, सकाळी ६ ते दुपारी ३ अशा ठरावीक तासांत लढाई थांबवून दहा वर्षांखालील सुमारे ५ लाख ५९ हजार मुलांना पहिला डोस देण्यात आला. पालक विचारत होते ते लसीबद्दल नव्हे, तर केंद्रापर्यंतच्या रस्त्याबद्दल. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडील फेरी बॉम्बवर्षावामुळे लांबणीवर पडली, तेव्हा ती शंका रास्त होती हे दिसले.

विश्वास तुटायला नेहमी राजकारणच लागते असेही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब प्रांतात, विरोधी गटांच्या ताब्यातील भागात, गोवराच्या लसीची भुकटी विरघळवण्याच्या द्रवाऐवजी शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी वापरतात ते औषध चुकून मिसळले गेले आणि किमान १५ बालके मरण पावली. मोहीम तातडीने थांबवावी लागली. शांत देशात अशा घटनेनंतर चौकशी होते, जबाबदार माणसे बडतर्फ होतात आणि वर्तमानपत्रांतून खुलासा येतो. जेथे सरकारच दोन आहेत तेथे खुलासा कोणी करायचा आणि त्यावर विश्वास कोणी ठेवायचा, हे ठरलेले नसते.

पाकिस्तानच्या खैबर पख्तूनख्वा व बलुचिस्तान प्रांतांत नकाराचा आणखी एक प्रकार आढळतो. गावची जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, बसते आणि विजेचा ट्रान्सफॉर्मर, पाणी किंवा रस्ता मिळेपर्यंत मुलांना डोस द्यायचा नाही असे ठरवते. सरकार वर्षातून अनेकदा दारात येते ते एवढ्या एकाच कामासाठी, म्हणून या एकाच कामावर अडवणूक करता येते. अशा ठिकाणी पोलिओच्या डोसाबरोबर औषधोपचार शिबिरे, इतर लसी आणि पोषणाची मदत देणे हा उपाय अनेक वर्षे वापरात आहे. तो उपयोगी पडतो, परंतु मागणी आणि लस यांची सांगड एकदा पक्की झाली की पुढच्या फेरीला नवी मागणी येते.

यशाचे मोजमाप हीच यातली सर्वांत निसरडी बाब आहे. डोस घेतलेल्या मुलाच्या बोटावर न पुसणाऱ्या शाईची खूण करतात. महाराष्ट्रातील पालकांना ही खूण पल्स पोलिओच्या रविवारांमुळे परिचित आहे. पाकिस्तानातील काही वस्त्यांत, डोस न देताच ही खूण केली जाते. आईबापांना पोलिसांची कटकट नको असते, कार्यकर्तीला रोज त्याच दारात शिव्या खायच्या नसतात, आणि वरच्या कार्यालयाला आकडा हवा असतो. तिघांचेही भागते. अशा घरांची नोंद नकारात होत नाही, डोस मिळालेल्या मुलांत होते. म्हणूनच मोहिमेच्या अहवालांबरोबर शहरांच्या सांडपाण्याचे नमुने तपासण्यावर भर दिला जातो. २०२३ मध्ये सहा रुग्णांपर्यंत खाली आलेला पाकिस्तानचा आकडा २०२४ मध्ये ७४ वर गेला, तेव्हा बहुतेक मोठ्या शहरांच्या गटारांतील नमुन्यांत विषाणू आधीपासूनच मिळू लागला होता.