झेवियर विद्यापीठ, लुइझियाना : सहजीवन आणि सेवा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स शहरातील एक छोटे कॅथलिक विद्यापीठ. विद्यार्थिसंख्या सुमारे ३,०००. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जी शंभरेक महाविद्यालये आणि विद्यापीठे उभी राहिली, त्यांत कॅथलिक असे हे एकच. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत आहेत आणि ज्यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव या विद्यापीठाला दिलेले आहे. मात्र मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय किंवा ओहायोतील सिनसिनाटीचे झेवियर विद्यापीठ जसे जेझुइट या पुरुषांच्या कॅथलिक धर्मसंघाचे आहे, तसे हे नाही. एका स्त्रीने स्थापन केलेल्या धर्मभगिनींच्या संघाने ते उभारले. अधिक न्याय्य आणि माणुसकीचा समाज घडावा, त्यासाठी नेतृत्व आणि सेवा करणारी माणसे तयार व्हावीत, हे विद्यापीठाने आपले अंतिम ध्येय म्हणून लिहून ठेवले आहे. अशी वाक्ये अनेक संस्थांच्या माहितीपत्रकांत सापडतात. इथे त्यांना वजन का आहे, हे समजून घ्यायचे तर सुरुवात पैशापासून करावी लागते.

संस्थापक कॅथरिन ड्रेक्सेल (१८५८–१९५५) या फिलाडेल्फियातील बँकर फ्रान्सिस अँथनी ड्रेक्सेल यांच्या कन्या. घर गडगंज श्रीमंत. पण सावत्र आई एमा आठवड्यातील ठरलेल्या दिवशी घराचे दार गोरगरिबांसाठी उघडत आणि कोणाचे घरभाडे, कोणाचे औषध, कोणाचे कपडे असे मदतीचे वाटप मुलींना सोबत घेऊन करत. १८८५ साली वडील वारले आणि सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरच्या न्यासाचे उत्पन्न तिघी बहिणींना मिळू लागले. १८८७ मध्ये रोममध्ये पोप तेरावे लिओ यांच्या भेटीत कॅथरिन यांनी अमेरिकेतील आदिवासींसाठी मिशनरी पाठवण्याची विनंती केली, तेव्हा ‘तूच का मिशनरी होत नाहीस?’ असा उलट प्रश्न त्यांना आला. दोन वर्षांनी त्या मठात दाखल झाल्या आणि १८९१ मध्ये त्यांनी ‘सिस्टर्स ऑफ द ब्लेसेड सॅक्रामेंट’ हा संघ स्थापन केला. आदिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्यात राहून काम करणे हेच त्याचे व्रत होते. आगगाडीने प्रवास करायचा तो साध्या डब्यातून, पेन्सिल वापरायची ती पार बोटात मावेनाशी होईपर्यंत, अशी त्यांची राहणी. शाळांवर मात्र त्यांनी आयुष्यात सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले.

न्यू ऑर्लिन्समध्ये मॅगझिन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांचे ‘सदर्न विद्यापीठ’ होते. ते राज्य सरकारने बॅटन रूज शहराजवळ हलवले आणि शहरातील कृष्णवर्णीय मुलांची वरच्या शिक्षणाची एक मोठी सोय गेली. आर्चबिशपांच्या विनंतीवरून कॅथरिन यांनी ती रिकामी जागा विकत घेतली. १९१५ साली तिथे माध्यमिक शाळा सुरू झाली, १९१७ मध्ये अध्यापनवर्ग जोडला गेला, १९२५ मध्ये कला-विज्ञान महाविद्यालय आणि १९२७ मध्ये औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय निघाले. वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरील आजच्या परिसराचे उद्‌घाटन १९३२ मध्ये झाले.

अध्यापनवर्गाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. महाविद्यालयाच्या आधी इथे शिक्षक तयार होऊ लागले, कारण दक्षिण लुइझियानाच्या उसाच्या पट्ट्यातील खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळाच नव्हत्या. संघाने गावोगावी साध्या शाळा बांधल्या आणि झेवियरमध्ये शिकलेल्या तरुण मुली तिथे शिकवायला गेल्या. सेवा म्हणजे शिकून परत जाणे आणि आपल्यामागच्याला हात देणे, हा या विद्यापीठाचा अर्थ तेव्हाच ठरला. पुढे व्यवसाय बदलले, शिक्षकांच्या जोडीला औषधविक्रेते आणि डॉक्टर आले, तरी हा अर्थ बदलला नाही.

धर्माची अट कधीच नव्हती. विद्यार्थ्यांत कॅथलिक नेहमी असतात, पण बहुसंख्य इतर पंथांचे. त्यांना जोडणारा धागा वेगळा होता. शहरातल्या गोऱ्यांच्या संस्था त्यांना घेतच नव्हत्या. काही मैलांवरच्या ट्युलेन विद्यापीठाने पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले ते १९६३ साली. अशा शहरात गोऱ्या धर्मभगिनी आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी एकाच आवारात शिकत-शिकवत होते, आणि त्या भगिनी पगार घेत नव्हत्या. गणित-रसायनाबरोबर संगीतही गांभीर्याने शिकवले जाई. १९३० च्या दशकात एका संगीतज्ञ भगिनीने विद्यार्थ्यांकडून पूर्ण ऑपेरा बसवून घ्यायला सुरुवात केली. शहराच्या नाट्यगृहात ज्यांना मागच्या बाकांवर बसवले जाई, ती मुले इथे रंगमंचावर मुख्य भूमिका गात होती. सेवेच्या गोष्टीत ऑपेरा कशाला, असे वाटेल. पण गरजूला फक्त गरजेपुरतेच द्यायचे, या कोत्या समजुतीला झेवियरने दिलेले ते उत्तर मला फार मोलाचे वाटते.

३ मार्च १९५५ रोजी कॅथरिन वारल्या आणि विद्यापीठावर मोठे संकट आले. वडिलांच्या मृत्युपत्रानुसार मुलींना वारस नसल्यास न्यासाची मूळ रक्कम त्यांनी नेमून दिलेल्या धर्मादाय संस्थांकडे जायची होती. मृत्युपत्र झाले तेव्हा कॅथरिन यांचा संघ अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे त्या यादीत त्याचे नाव असणे शक्य नव्हते. ज्या उत्पन्नावर झेवियर चालत होते ते त्या दिवसापासून थांबले. तोवर येणारा पैसा येईल तसा शाळांवर खर्च झालेला, त्यामुळे मोठा कायमनिधीही साठलेला नव्हता. श्रीमंत संस्थापकाचे नाव असूनही हे विद्यापीठ पुढची अनेक दशके काटकसरीने चालवावे लागले, ते यामुळे. कॅथरिन यांना २००० साली संतपद देण्यात आले.

या टप्प्यावर नॉर्मन फ्रान्सिस हे नाव येते. लफायेट गावात १९३१ साली जन्मलेले फ्रान्सिस १९५२ चे झेवियरचे पदवीधर. न्यू ऑर्लिन्सच्या लोयोला विद्यापीठातून कायद्याची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. वकिलीत चांगले दिवस येण्याची शक्यता असताना १९५७ मध्ये ते झेवियरला परतले आणि मुलांच्या वसतिगृहाचा कारभार पाहू लागले. मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधील वर्णभेद मोडण्यासाठी निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’ची बस अलाबामात जाळण्यात आली, त्यांना बर्मिंगहॅममध्ये जबर मारहाण झाली. विमानाने ते न्यू ऑर्लिन्सला पोचले, पण त्यांना खोली द्यायला कोणी धजेना. फ्रान्सिस यांनी विद्यापीठाच्या प्रमुख भगिनींची संमती घेऊन त्यांना वसतिगृहात गुपचूप उतरवून घेतले. विद्यापीठावर जमाव चालून येण्याचा धोका खरा होता आणि तो पत्करण्यात आला. झेवियरमधील सहजीवनाचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी फ्रान्सिस यांनी अध्यक्षपद स्वीकारले. त्याच संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय आणि धर्मसंघाबाहेरचे पहिले अध्यक्ष. २०१५ पर्यंत, म्हणजे ४७ वर्षे ते तिथे होते. १९७२ मध्ये शहरात कृष्णवर्णीयांच्या मालकीची लिबर्टी बँक निघाली, तिच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. २०२१ पासून विद्यापीठाजवळच्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. आधी तो रस्ता गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या नावाने ओळखला जाई.

आज देशभर झेवियरचे नाव घेतले जाते ते वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात. इतक्या लहान आणि निधीने दुबळ्या विद्यापीठातून वैद्यकीय महाविद्यालयांत जाणाऱ्या कृष्णवर्णीय पदवीधरांची संख्या अनेक वर्षे देशात सर्वांत जास्त राहिली आहे. औषधविक्रेत्यांतही इथल्या पदवीधरांचा वाटा मोठा आहे. १९७० च्या दशकात विज्ञानाच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम नव्याने बांधला, त्याचे हे फळ. रसायनशास्त्राच्या सगळ्या तुकड्यांना सारखाच मजकूर, ठरावीक दिवशी सराव-चाचण्या, मागे पडलेल्याची लगेच विचारपूस आणि वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जासाठी पहिल्या वर्षापासून मार्गदर्शन, अशी ती पद्धत. शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्गही सुरू झाले आणि विश्लेषक विचारपद्धती शिकवणारा वर्ग १९७७ मध्ये निघाला. या वर्गांत शिकवायला पुढच्या वर्षांतले विद्यार्थी असत.

यातला गाभा गटाने अभ्यास करण्याचा आहे. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशाची तयारी म्हटली की शेजारच्याला मागे टाकण्याची शर्यत आणि पहिल्या वर्षी गाळणी हेच चित्र असते. झेवियरमध्ये आपल्याला उमगलेले दुसऱ्याला समजावून सांगणे हा अभ्यासाचाच भाग मानतात. वरच्या वर्गातला विद्यार्थी खालच्याला शिकवतो, त्यात त्याचाही पाया पक्का होतो. गावाकडच्या कमकुवत शाळेतून आलेली मुलगी मागे पडली तर दोष तिचा न मानता तिला पुढे कसे आणायचे याचा विचार होतो.

विद्यापीठ ज्या गर्ट टाउन वस्तीत आहे ती कष्टकऱ्यांची. तिथे एक कीटकनाशकांचा कारखाना होता आणि त्यामुळे जमिनीचे प्रदूषण हा वस्तीचा जुना प्रश्न. १९९२ साली पर्यावरणीय न्यायासाठीचे एक केंद्र झेवियरमध्येच सुरू झाले. प्रदूषणाची झळ सोसणाऱ्या गरीब वस्त्यांना माहिती आणि प्रशिक्षण देणे हे त्याचे काम. पुढे ते विद्यापीठाबाहेर गेले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने शहराचे बांध फुटले आणि विद्यापीठाचा संपूर्ण परिसर पाण्याखाली गेला. नवे शैक्षणिक वर्ष नुकतेच सुरू झालेले. शेकडो विद्यार्थी आणि काही कर्मचारी वरच्या मजल्यांवर अडकले. बोटी येईपर्यंत काही दिवस त्यांनी एकमेकांना सांभाळत काढले. तळमजल्यावरील प्रयोगशाळा आणि यंत्रे नष्ट झाली, अनेक प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले. हा घाव खोल होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी २००६ मध्ये वर्ग पुन्हा भरले, तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थी परतले होते. शहराचा मोठा भाग तेव्हा ओसाड होता. कतार सरकारने १ कोटी ७५ लाख डॉलरची मदत दिली. तिच्यातून औषधनिर्माण विभागाची इमारत वाढली आणि शिष्यवृत्त्या मिळाल्या. राज्याच्या पुनर्उभारणीसाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्षपदही फ्रान्सिस यांच्याकडे आले, त्यामुळे ते एकाच वेळी आपले विद्यापीठ आणि राज्य दोन्ही सावरत होते. सेझार पेली यांनी आराखडा केलेले संत कॅथरिन ड्रेक्सेल प्रार्थनामंदिर २०१२ मध्ये पूर्ण झाले.

समुदायाने आपल्या विद्यापीठालाही प्रश्न विचारले आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये अध्यक्ष रेनल्ड व्हेरेट आणि शेजारच्या डिलर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष यांनी कोविड लशीच्या चाचणीत आपण भाग घेत असल्याचे जाहीर पत्र लिहिले आणि विद्यार्थ्यांनाही तसा विचार करण्याचे आवाहन केले. त्यावर पालक आणि माजी विद्यार्थी संतापले. आमच्या मुलांवर प्रयोग नकोत, असा त्यांचा सूर होता. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीयांना उपचाराविना ठेवून केलेला अभ्यास ते विसरलेले नव्हते. पत्रामागचा हेतू लशीवर कृष्णवर्णीयांचाही हक्क राहावा हा होता, आणि मला तो योग्य वाटतो. तरी रागही खोटा नव्हता. वैद्यकावरचा उडालेला विश्वास आपल्यातल्याच डॉक्टरांनी परत मिळवायचा असतो, हे काम झेवियर शंभर वर्षे करत आले आहे.

पदवीधरांत न्यू ऑर्लिन्सचे पहिले कृष्णवर्णीय महापौर अर्नेस्ट मोरियल, माजी केंद्रीय श्रममंत्री अलेक्सिस हर्मन आणि इथेच चार दशके शिकवणारे शिल्पकार जॉन स्कॉट आहेत. सेवेच्या संदर्भात मात्र रेजिना बेंजामिन यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९७९ च्या पदवीधर असलेल्या बेंजामिन यांनी अलाबामातील बायू ला बात्रे या कोळंबी पकडणाऱ्यांच्या गावात दवाखाना काढला. पैसे नसलेल्या रुग्णांनाही त्या तपासत. १९९८ चे जॉर्जेस वादळ, २००५ चे कॅटरिना आणि २००६ ची आग, असा तो तीनदा उद्ध्वस्त झाला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो पुन्हा उभा केला. २००९ ते २०१३ या काळात त्या देशाच्या सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारच्या वतीने बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टर होत्या.

डॉक्टरकीची तयारी करून देणाऱ्या या विद्यापीठाचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते काढण्यासाठी २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ऑक्सनर हेल्थ या रुग्णालय-समूहाबरोबर करार झाला.