गरुड ओळखताना रंग सगळ्यात शेवटी

(पक्षीनिरीक्षण फेरीला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

यावलच्या जंगलात काय किंवा हतनूर धरणाच्या काठावर काय, एकच प्रश्न येतो: पुस्तकातल्या चित्रासारखा हा दिसत का नाही? कारण एकाच जातीत रंग बदलतो. जन्मजात छटेने, वयाने आणि पिसे झिजल्याने.

जन्मजात छटा आयुष्यभर तीच राहते. बूटेड ईगल फिकट असेल तर खालून पांढरा, उडायची पिसे काळी. गडद असेल तर पूर्ण चॉकलेटी, आणि घार समजून त्याच्याकडे कोणी बघतही नाही. मान आणि पंख जुळतात तिथे समोरून दोन पांढरे ठिपके शोधा. दोन्ही छटांत ते असतात. घारीची शेपटी मधे खाचलेली, याची सरळ.

टॉनी ईगल सायीच्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत कसाही असतो. हिवाळी पाहुण्या स्टेप ईगलशी त्याची गल्लत ठरलेलीच. तिथे रंग सोडा, पिवळी जिवणी (तोंडाची कड) पाहा: टॉनीची डोळ्याच्या मध्यापर्यंत, स्टेपची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत.

रंगावरून जात कळत नाही, पण वय चांगले कळते. लहान स्टेपच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो. तो तुटक होत पाच-सहा वर्षांत जातो. सर्पगरुडाचे पिल्लू पांढुरक्या डोक्याचे, त्यामुळे दर मोसमात कोणाला तरी 'नवी जात' सापडते.

झीज फसवी. गडद रंगद्रव्य पिसाला टणक करते, पांढऱ्या टोकांत ते नसते, म्हणून ती आधी झिजतात. कमी वयाच्या ठिपकेदार गरुडाचे ठिपके त्यामुळे लहान होत जातात. मोठ्या गरुडांची उडायची पिसे एका वर्षात सगळी बदलत नाहीत. उन्हाने विटलेली जुनी आणि गडद नवी शेजारी-शेजारी दिसतात. तो आजार नव्हे.

फोटोत आकाश मागे असेल तर एक्स्पोजर +१ ते +१.७ ठेवा, नाहीतर पोट काळे येते. काळ्या नांगरटीवर बसलेल्या पक्ष्याला उलट −०.७, कॅमेरा उजेड वाढवतो आणि गडद टॉनी फिकट दिसतो. शटर १/२००० च्या आसपास. पंख खालून, पंख वरून आणि चेहरा, असे तीन फोटो मिळाले तर बहुतेक वाद मिटतात.

गळालेले पीस दिसले तर फोटो काढा, खिशात टाकू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकतो.