यंदा मामी आहे का?

मामी म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवल. दिवाळी जवळ आली की आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर कोणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय फेस्टिवल झाला १९५२ ला, फिल्म्स डिव्हिजनने भरवलेला, पण तो सरकारी, पुढे गावोगाव फिरून २००४ पासून गोव्यात जाऊन बसला. एवढी इंडस्ट्री इथे आणि दरवर्षीचा हक्काचा फेस्टिवल म्हणावा तर तो आला थेट १९९७ ला! हृषीकेश मुखर्जी वगैरे मंडळींनी मुंबई अकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेज काढली, तीच मामी. सुरुवातीला कारभार सुधीर नांदगावकरांकडे, म्हणजे १९६८ ला प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी (चांगले सिनेमे जमून बघणाऱ्यांचा क्लब) उभी करणाऱ्यांपैकी, त्यामुळे सगळं फिल्म सोसायटीच्या वळणाचं.

२००९ ला रिलायन्सचा पैसा आला, श्याम बेनेगल अध्यक्ष. स्पर्धा ठेवली ती पहिलाच सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शकांची, हे मला अजूनही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण बड्या नावांच्या मागे धावून कान, व्हेनिससारख्या जगातल्या मोठ्या फेस्टिवलशी बरोबरी होणार नाहीच. त्यात ऑक्टोबरची तारीख सोयीची, व्हेनिस आणि टोरांटो नुकतेच उरकलेले आणि गोवा अजून महिनाभर लांब, म्हणजे माल ताजा.

मग २०१४. स्पॉन्सर गेला, फेस्टिवल बंदच पडतोय असं झालं, शेवटी इंडस्ट्रीतल्या लोकांनी आणि साध्या प्रेक्षकांनीही पैसे टाकले तेव्हा कुठे झाला. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला. आपल्यासाठी त्या वर्षीची खरी बातमी मात्र मेट्रो, जूनमध्येच सुरू झालेली. आधी फेस्टिवलसाठी वर्सोव्याला जायचं म्हणजे दादरला ब्रिज चढा, वेस्टर्नची गर्दी, अंधेरीला रिक्षावाल्याच्या विनवण्या, आणि आता घाटकोपरला उतरलं की वीसेक मिनिटांत वर्सोवा. परतीचं टेन्शन तेवढं तसंच, रात्रीच्या शोला शेवटची वीस मिनिटं माझं निम्मं लक्ष घड्याळात, एका इराणी सिनेमाचा शेवट मी अजून पाहिलेला नाही.

२०१५ ला स्पॉन्सर जिओ, अध्यक्ष किरण राव, डायरेक्टर अनुपमा चोप्रा, मग ग्लॅमर वाढलं. कोरोनानंतर थेट २०२३ ला परत, यावेळी भर दक्षिण आशियाई सिनेमावर, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशचे सिनेमे एरवी कुठे बघणार आपण? २०२४ लाही झाला. २०२५ ला मात्र होणार नाही असं आयोजकांनीच सांगून टाकलं.