प्रणयकादंबरी : वाचनानंद

ओळख, गैरसमज आणि अखेर लग्न एवढ्या भांडवलावर उभा असलेला कादंबरीप्रकार. शेवट काय होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, तरी तो वाचतो आणि वर्षा-दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा काढतो. घोडे गंगेत न्हाणार हे ठरलेलेच. गंमत ते किती वळसे घेते यात.

या आनंदाचा अस्सल नमुना म्हणजे इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) हिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३). ६१ प्रकरणांपैकी ३४व्या प्रकरणात नायक डार्सी नायिका एलिझाबेथला मागणी घालतो, तीही तिच्या घरच्यांच्या कमीपणाचा पाढा वाचत. ती त्याला झिडकारते. दुसऱ्या दिवशी तो एक लांबलचक पत्र तिच्या हाती देऊन निघून जातो आणि कादंबरी खरी रंगते ती इथून. ‘पुन्हा बघायचेसुद्धा नाही’ म्हणत एलिझाबेथ ते पत्र ठेवून देते. अर्ध्या मिनिटात घडी परत उलगडलेली. मग एकेक वाक्य तपासणे सुरू होते, पुढे तर पत्र जवळजवळ तोंडपाठ होते. वाचकही तिच्याबरोबर मागची पाने चाळू लागतो : डार्सीने आपल्यावर अन्याय केला असे सांगणारा आणि पत्रात ज्याचे बिंग फुटते तो विकहॅम, आदल्याच दिवशी ओळख झालेल्या मुलीला आपली कर्मकहाणी का ऐकवत होता? दुसऱ्या वाचनात हा प्रश्न वेळेवर पडतो, म्हणून ते वाचन बहुधा पहिल्यापेक्षा सरस.

५८व्या प्रकरणात डार्सी पुन्हा विचारतो, तेव्हा एलिझाबेथच्या होकाराचे शब्द ऑस्टिन देतच नाही. ती काहीबाही अडखळत बोलली, एवढे सांगून मोकळी होते. सुमार प्रणयकथेत नेमके इथे पानभर भाषण असते.

मराठीत ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी हा प्रकार घरोघरी नेला. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादात वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला होते आणि फडक्यांवर रंजनवादाचा शिक्का बसला. तंत्राबद्दल मात्र फडके कमालीचे गंभीर. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) हा ग्रंथ त्याची साक्ष देतो.

तंत्राने काय साधते ते ऑस्टिनच्याच ‘पर्स्वेजन’मध्ये दिसते. आठ वर्षांपूर्वी तुटलेले नाते त्यात पुन्हा जुळते. शेवट फिका वाटला म्हणून तिने १८१६ मध्ये तो नव्याने लिहिला. नायक वेंटवर्थचे जे पत्र वाचण्यासाठी चाहते ही कादंबरी पुन्हापुन्हा उघडतात, ते या फेरलेखनात आले. जुन्या शेवटाचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ते पत्र नाही.