व्हेक्टर आणि पिक्सेल चित्रे

संगणकात चित्र साठवण्याच्या दोन पद्धती. पिक्सेल (रास्टर) पद्धतीत चित्रावर बारीक चौकोनांची जाळी कल्पून प्रत्येक चौकोनाचा रंग आकड्यांत नोंदवतात. व्हेक्टर पद्धतीत रेषा कुठून निघते, कशी वळते, कुठे थांबते आणि आत कोणता रंग भरायचा, एवढेच लिहिलेले असते. चित्र उघडताना संगणक ते दर वेळी नव्याने काढतो.

हे समजवायला ठिपक्यांची रांगोळी पुढे केली जाते, आणि तिथेच गफलत होते. रांगोळीतले ठिपके म्हणजे पिक्सेल नव्हेत. ते रेषेला वाट दाखवतात. ठिपक्यांतले अंतर वाढवले की तीच रांगोळी अंगणभर होते आणि वळणे कुठे बिघडत नाहीत. ही व्हेक्टरची रीत. पिक्सेलला जवळचे आहे ते दोसुतीवरचे फुल्यांचे भरतकाम. मोराची मान दुरून गोल दिसते, हातात घेतली की पायऱ्यापायऱ्यांची.

अमेरिकेत 1957 साली रसेल किर्श यांनी आपल्या बाळाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला, तो 176 × 176 पिक्सेलचा होता. आयव्हन सदरलँड यांचा ‘स्केचपॅड’ हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम 1963 चा. त्यात पडद्यावर लेखणीने रेषा काढता येत. व्हेक्टरमधल्या वक्ररेषांना रेनो या मोटार कंपनीतील अभियंता पिअर बेझिए यांचे नाव आहे, कारण गाडीच्या पत्र्याची वळणे त्यांना आकड्यांत पकडायची होती.

रेषेचे काम वेगळे आणि छटांचे वेगळे, ही विभागणी छापखान्यांना मात्र आधीपासून ठाऊक होती: रेखाचित्राला लाइन ब्लॉक (नुसत्या रेषा उठवणारा धातूचा ठसा), फोटोला हाफटोन (लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा दाखवणारा ठसा). सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेल्या बडोद्याच्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, ते याच ब्लॉकच्या जमान्यात.

आज बडोद्यात दांडिया बाजारच्या आसपास गणपतीआधी हा फरक सगळ्यांत जास्त जाणवतो. मंडळाचा लोगो मोबाइलवरून आलेला, 600 पिक्सेल रुंद. फ्लेक्स 10 फुटी. म्हणजे इंचाला 5 पिक्सेल, एकेक चौकोन अर्ध्या सेंटीमीटरचा. गंमत अशी की आडवी शिरोरेषा सरळच राहते. ‘मंडळ’मधल्या ‘ळ’च्या गोलाईच्या मात्र पायऱ्या होतात किंवा कडा धूसर पडतात. म्हणून डिझायनर ‘ओपन फाइल आहे का?’ असे विचारतो, म्हणजे लोगोची मूळ व्हेक्टर फाइल. अक्षरे ‘कर्व्ह करून’, म्हणजे नुसत्या रेषांचे आकार बनवून, आणायला सांगतात तेही यासाठीच की फाँट दुसऱ्या संगणकावर नसला तरी अक्षराचा आकार टिकावा. जेपेग ही पिक्सेलचीच फाइल, ती पीडीएफमध्ये घातल्याने व्हेक्टर होत नाही, हे मात्र दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

याचा अर्थ व्हेक्टर श्रेष्ठ, असा नाही. लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या रविवर्म्याच्या चित्राचा फोटो पिक्सेलमध्येच हवा. व्हेक्टरमध्ये ‘ट्रेस’ केला, म्हणजे त्यावरून रेषा आणि रंगांचे आकार काढून घेतले, तर पदराच्या हळुवार छटांचे नकाशातल्या तालुक्यांसारखे तुकडे पडतात. ए4 आकाराचा फोटो इंचाला 300 पिक्सेलने ठेवायचा तर 2480 × 3508, म्हणजे सुमारे 87 लाख पिक्सेल लागतात. फाइल जड होते, पण त्याला इलाज नाही.

पडद्यावर आणि छपाईत व्हेक्टरचेही शेवटी ठिपकेच होतात, फक्त ते त्या त्या मापाला नव्याने पाडले जातात. अपवाद गाड्यांवरच्या रेडियम अक्षरांचा. कटिंग प्लॉटरचे पाते रेषेवरूनच फिरते. त्याला नुसता फोटो दिला तर कापायला वाटच सापडत नाही.