व्याकरण लिहिणं वेगळं, भाषा नोंदवून ठेवणं वेगळं

विद्यापीठातली संशोधक एखाद्या छोट्या भाषेवर काम करायला दूरच्या वस्तीत जाऊन राहते, तेव्हा ती नेमकं काय करते? ‘भाषेचा अभ्यास’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण त्यात दोन कामं असतात: भाषेचं वर्णन आणि भाषेचं दस्तऐवजीकरण.

वर्णनात नियम शोधायचे असतात. ध्वनी किती, क्रियापद कशानुसार बदलतं, नकार वाक्यात कुठे येतो? त्यासाठी भाषकाला ‘हे कसं म्हणाल?’, ‘असं म्हटलं तर चालेल का?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं जातं. त्यातून व्याकरण आणि शब्दकोश तयार होतो. दस्तऐवजीकरणात माणसं एरवी जे बोलतात तेच टिपायचं असतं: गोष्टी, वाद, अंगाई, कामाच्या वेळची बोलणी. शिवाय कोण बोललं, कधी, कुठे आणि हे कुणाला ऐकवायला त्यांची हरकत नाही, याचीही नोंद होते. हा साठा अभिलेखागारात जातो.

ध्वनिमुद्रणं म्हणजे व्याकरणासाठीचा कच्चा माल, असाच समज बराच काळ होता. व्याकरण छापून झालं की फिती कपाटात. भाषाशास्त्रज्ञ निकोलाउस हिमेलमान यांनी १९९८ मध्ये दस्तऐवजीकरण हे स्वतंत्र काम मानावं असं मांडलं, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

उबिख भाषेचंच बघा. कॉकेशसमधल्या या भाषेत व्यंजनं ८० हून अधिक, स्वर मात्र अगदी मोजके. ते दोन की तीन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेवफिक एसेन्च हे ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ तुर्कस्तानात १९९२ मध्ये वारले. आता कुणाला विचारणार? पण त्यांचा आवाज मुद्रित आहे, म्हणून वाद घालणाऱ्याला निदान पुन्हा ऐकता तरी येतं. मुद्रणावरून नवं व्याकरण लिहिता येतं. व्याकरणावरून मात्र माणसाचं बोलणं परत मिळत नाही.

अर्थात नुसत्या फितींनीही भागत नाही. बोललेलं लिहून काढून, शब्दाच्या प्रत्येक घटकाखाली त्याचा अर्थ देऊन, मग भाषांतर जोडावं लागतं. तासाभराच्या मुद्रणाला यात कित्येक दिवस जातात, आणि ते काम वर्णनाची जाण असल्याशिवाय जमत नाही. भाषक हयात असतानाच ते झालं नाही, तर मागे उरतो तो न कळणारा आवाज.

शिकवताना दोन्हींचा पाया एकाच तासाला घातला जातो. वर्गात कुणालाच न येणाऱ्या भाषेचा भाषक समोर बसतो आणि विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करतात. पुढे पदवीच्या वेळी मात्र पारडं झुकतं: प्रबंध म्हणून व्याकरण सहज चालतं, पण नीट लावलेला, संमतीसह जमा केलेला साठा पुष्कळदा परिशिष्टात जातो. तो साठाही परीक्षकांनी उघडून ऐकला पाहिजे.